मधोमध दाब

"पण ही सीडी निघतच नाही, बुवा... मग करायचं काय?"

दौलतगीर बुवा काल्यासाठी लाह्या निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"प्रफुल्ल, ओढतोयस ना?" ते म्हणाले.

"मग काय करू?"

बुवांनी लाह्यांतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

पिंपळझरीच्या मठात त्या दिवशी पुण्यतिथीचा काला होता. आमच्याकडची रीत अशी, की चोपड्यांच्या घरच्या माणसाने पद धरायचं, मंडळींनी ते उचलून घ्यायचं, आणि मगच दहीहंडी फुटायची. पद धरल्याशिवाय हंडीला कुणी काठी लावत नाही. मग ऊन डोक्यावर येवो की पोरं रडोत.

गुणवंतराव चोपड्यांनी हे पद उभा जन्म धरलं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून पद धरते ती त्यांची सीडी. ऑपरेशनच्या आधी कुणीतरी इथेच मठात भरून ठेवलेली. तळहातावर मावणारा एक जुना प्लेअर आहे, त्यात ती लावायची, वायर भोंग्याला जोडायची. गुणवंतराव खांबाला टेकून बसतात आणि स्वतःच्याच आवाजाला चिपळ्यांची साथ करतात.

त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही उरलंय, ते त्या एका सीडीवर. अरे, नक्कल करून ठेव एक, असं बुवांनी प्रफुल्लला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, बघू.

हा प्रफुल्ल म्हणजे गुणवंतरावांचा मुलगा आणि बुवांचा शिष्य. अमरावतीला त्याचं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. गळा गोड, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. पण नाकाचा शेंडा कायम आभाळात. यंदा तो स्वतःची सीडी घेऊन आला. पद तेच, मागे बासरी, सतार आणि देवळात गातोय असं वाटावं म्हणून घुमवलेला आवाज. बाबांच्या सीडीत खरखर येते, आता ही लावू, असं तो बापाच्या देखत म्हणाला. गुणवंतराव काय बोलणार? त्यांनी चिपळ्या पुसायला घेतल्या.

बुवांनी त्याला एवढंच विचारलं होतं, की सीडी कशाला, तू इथे उभा आहेस की. त्यावर प्रफुल्ल हसला. दुकानात चुकलं तर पुसून पुन्हा गाता येतं म्हणाला, इथे चारचौघांत चुकलं तर पुसणार कुठे?

तर घोडं अडलं ते असं. आवाज लागतो का बघायला गुणवंतरावांची सीडी लावलेली होती. ती काढून स्वतःची लावायची म्हणून प्रफुल्लने झाकण उघडलं आणि ती फिरत असतानाच बोट घातलं. किर्र झालं. थांबली, तशी कडेला नखं घालून ओढू लागला. त्याच्या दुकानातल्या मोठ्या यंत्रात सीडी ताटात वाढून आल्यासारखी बाहेर येते, उचलली की झालं. या छोट्याची रीत वेगळी. हे मधला खुंटा धरून ठेवतं, म्हणजे चालताना हिसका बसला तरी सीडी उडू नये. प्रफुल्ल ओढत होता आणि सीडी पापडासारखी वाकत होती.

गुणवंतराव उठून उभे राहिले. तोंड उघडलं. माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि ऐकू काहीच येत नव्हतं... मला ते बघवलं नाही.

"सोड," बुवा म्हणाले.

प्रफुल्लने दचकून हात काढला. झाकण धाडकन पडलं आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. भोंग्यातून गुणवंतरावांचा भरदार आवाज आला. हाक तुझी, पाय माझे, आलो रे दारी... सगळ्या मठाच्या माना भोंग्याकडे वळल्या. प्रफुल्ल पुन्हा झाकणाकडे झेपावला, तेव्हा बुवांनी उठून त्याचं मनगट धरलं. त्यांनी बटण दाबलं. आवाज थांबला. मग सावकाश झाकण उघडलं.

यंत्र म्हातारं. सीडी अजून गरगरत होती.

"वाच," बुवा म्हणाले.

"काय वाचू?"

"तिच्यावर लिहिलंय ते."

लिहिलेलं कसलं, निळी रेघ फिरताना दिसत होती नुसती. प्रफुल्ल वाकून बघत राहिला. बुवांनी मनगट सोडलं नव्हतं. रेघ फुटली, तिची अक्षरं झाली, अक्षरं गोल गोल फिरत मंदावली आणि थांबली.

प्रफुल्लच्या तोंडून हळूच आलं, "गुणवंत..."

बापाचं नाव त्याने असं कधी घेतलं नसेल.

"आता दाब," बुवा म्हणाले.

"दाबू? बुवा, मला काढायचीय."

"म्हणून तर."

बुवांनी त्याचा अंगठा धरला आणि मधल्या खुंट्यावर ठेवला. बाकीची बोटं कडेखाली नेली. प्रफुल्लने डोळे मिटले आणि अंगठा दाबला. टक् झालं, आणि सीडी आपणहून त्याच्या बोटांत आली. न मोडता, न ओरखडता. मी स्वतः उन्हात धरून पाहिली, केसाएवढी रेघ नव्हती.

प्रफुल्लने ती पाकिटात घातली. काय वाटलं त्याला कोण जाणे, गेला आणि बापाच्या मांडीवर ठेवली. नक्कल करायला नेऊ का, असं विचारलं. या माणसाने परवानगी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकली. गुणवंतरावांनी मान हलवली.

आता प्लेअर रिकामा. प्रफुल्लची नवी सीडी बाजूला चकचकत होती. मंडळी ताटकळलेली, हंडी टांगलेली. प्रफुल्लने सीडी उचलली, बुवांकडे बघितलं. बुवा पुन्हा लाह्या निवडत होते.

आणि गुणवंतरावांनी चिपळ्या वाजवायला सुरुवात केली. सावकाश, पदाच्या लयीत, पोराकडे बघत.

प्रफुल्लने सीडी खाली ठेवली.

हाक तुझी... पहिल्याच शब्दाला आवाज कापला. पाय माझे... म्हणताना आवाज जरा टेकला. आलो रे दारी म्हणेपर्यंत गडी उभा राहिला. दुसऱ्या ओळीत चुकला, चांगला चुकला, पण थांबला नाही. चुकीसकट पुढे गेला. मंडळींनी पद असं काही उचललं की पत्रे थरथरले. मृदंगवाला घामाने न्हाला. मागून बायकांनी तीच ओळ धरली, पायरीवरच्या म्हाताऱ्या उठून नाचल्या, आणि गुणवंतरावांचे ओठ लेकाच्या प्रत्येक शब्दाला हलत होते. हंडी फुटली. दही कुणाच्या डोक्यावर पडलं आणि कुणाच्या तोंडात, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही. इतक्या वर्षांनी आमच्या काल्याला गळा आला होता!

सगळं निवल्यावर प्रफुल्ल बुवांसमोर येऊन बसला. घसा बसलेला, केसांत दही. यंत्र तसंच उघडं पडलं होतं.

"बुवा," तो म्हणाला, "आता यात कुठली लावू?"

बुवांनी त्याच्या हातावर काला ठेवला.

"झाकण लाव," ते म्हणाले. "आत धूळ जाईल..."