पुसून की टिपून

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे दोन शिष्य होते. थोरला गदाधर, बारा वर्षांचा जुना. धाकटा सोनबा, दोनच वर्षांपूर्वी आलेला. वैद्य आता थकले होते आणि आपल्या गादीवर लवकरच एकाला बसवणार होते. नेमके त्याच वर्षी इसबाचे सगळे रोगी सोनबाच्या ओट्याकडे वळू लागले!

गदाधराच्या पोटात दुखू लागले. अहो, दुखणारच! लेप दोघांचा एकच, शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपाचा. तरी याच्या रोग्यांची खाज महिनोन्महिने हटेना, आणि सोनबाच्या रोग्यांची आठवड्यात निवे. जिचे हात गदाधराने वर्षभर तपासले, ती कुंभारीणही एके सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत सोनबाकडे गेली. वर म्हणाली, "रागावू नका हं, भाऊ."

तो तडक वैद्यांकडे गेला. "गुरुजी, बारा वर्षे तुमचा खल मी घोटला. आणि गुपचूप औषध घालता ते त्याच्या बरणीत?"

वैद्यांनी दोघांच्या बरण्यांची अदलाबदल केली. पंधरा दिवस गेले. सोनबाचे रोगी सुखाने झोपत होते, गदाधराचे तसेच खाजवत होते.

"मग त्याला मंत्र तरी दिला असेल!" गदाधर रडकुंडीला आला.

"मंत्र नाही, एक शब्द. तोही दोघांना एकदमच दिला होता. तू रोग्यांना काय सांगतोस?"

"अंघोळीनंतर अंग पुसून लेप लावा."

"आणि सोनबा, तू?"

"अंग टिपून. ओलसर असतानाच."

वैद्य म्हणाले, "पुसा म्हटले की माणसे पंच्याने खसाखसा घासतात. त्वचा सोलवटते, ओल निघून जाते, मग तूप कोरड्यावरच बसते. टिपले की ओल राहते आणि तूप तिला धरून ठेवते. बाळ, हा शब्द मी त्या दिवशी दोनदा उच्चारला. तुझे लक्ष कुठे होते?"

गदाधराला तो दिवस लख्ख आठवला. गुरुजी बोलत होते आणि ते सोनबाकडे किती वेळा पाहतात, हे तो मोजत होता. सात वेळा. आकडा अजून पाठ होता.

तो उठला, सोनबाच्या ओट्यावर गेला आणि सगळ्यांसमोर कुंभारणीला हात जोडून म्हणाला, "ताई, चूक माझी. वर्षभर तुम्हाला चुकीचे सांगितले."

गुरुजी तेव्हा कोणाकडे पाहत होते, हे गदाधराला आजही सांगता येत नाही.