साळुंक्यांचा इंग्रजीचा धडा

फार पूर्वी, पिंजऱ्यातून सुटलेला एक राघू आंब्यावर बसून साळुंक्यांना इंग्रजी शिकवायचा. त्या दिवशी धडा होता 'हिअर' आणि 'लिसन'चा. "नुसतं कानावर पडलं की हिअर, मनावर घेतलं की लिसन," राघू सांगे आणि सगळा थवा घोकत बसे.

थव्यात नुकतीच आलेली सून मात्र ढोलीत आपल्या पहिल्या अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "सासूबाई, ढोलीच्या तोंडाशी सापाची कात पडलीय. अजून ओली आहे, म्हणजे साप जवळच असणार. मी चारा टिपून येईपर्यंत इथं थांबाल?"

"ओली का असेना, अंथर अंड्यांखाली! आमच्याकडे कातच अंथरतात. तुझ्या माहेरी नसेल पद्धत. जा तू, मी आहे की," म्हणत सासू पुन्हा धड्याकडे वळली.

सून परतली तेव्हा ढोलीत नुसती कात होती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली.

"हो गं बाई, आय हर्ड यू," सासू हळहळली.

"वा! अगदी अचूक," राघूने मान डोलावली. "इथं हिअरच हवं. लिसन म्हटलं असतं तर चुकलं असतं."

आणि साऱ्या थव्याने सासूचं कौतुक केलं.