निशिगंधाचा वाफा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होते आणि त्या राज्यातल्या एका लहानशा गावात एक तांबट राहत होता. तांब्याच्या हंड्यांवर ठोके देऊन देऊन त्याचे कान मंद झाले होते. बायकोचे बोलणे त्याला अर्धेच ऐकू येई. पण भाद्रपदात दिवस कलला की परसातून निशिगंधाचा वास यायचा, तेव्हा तो हातोडी खाली ठेवून थोडा वेळ स्वस्थ बसे.

एके वर्षी बायकोने चैत्रात कंद लावले आणि आषाढात ती गेली. भाद्रपदात फुले आली. हे तिच्या हातचे शेवटचे, एवढेच तांबटाच्या मनात राहिले.

त्याने वाफ्याभोवती दगड रचले. रोज पाणी घातले. मात्र आत कुणाला पाऊल टाकू दिले नाही आणि स्वतःही खुरपे लावले नाही. तिने लोटलेली माती तशीच राहिली पाहिजे, असे त्याने ठरवले.

दुसऱ्या वर्षी फुले आणखी दाट आली. आपण बरोबर करतो आहोत, अशी त्याची खात्री पटली. त्या गौरींना मुलगी माहेरी आली होती. निघताना ती म्हणाली, "आबा, पानं पिवळी पडली की थोडे कंद पाठवा. आमच्या अंगणात आईचं काहीतरी असू दे."

"वास घ्यायचा तर इथे येत जा."

"वर्षातून दोन दिवस येते मी. तेवढ्यात किती घेऊ?"

"वाफा मोडायचा नाही म्हटलं ना!"

"आई तुमची एकट्याची नव्हती, आबा," एवढे बोलून ती गाडीत चढली. पुढच्या गौरींना ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

इकडे तिसऱ्या वर्षी दांडे बुटके निघाले. चौथ्या वर्षी नुसती पाने आली, गवतासारखी गच्च. तांबटाने शेणखत घातले, पाणी वाढवले. एकही दांडा वर आला नाही. तांबट घाबरला. तिचा आवाज त्याला धड ऐकू आलाच नव्हता. आता वासही गेला, तर तिची म्हणून कोणती खूण उरणार?

आणि एका संध्याकाळी वास आला. कुंपणापलीकडून आला. तांबट तसाच शेजारच्या परसात शिरला. तिथे निशिगंधाची अख्खी ओळ फुलली होती.

"हे माझ्या वाफ्यातले कंद आहेत!" तो ओरडला.

"तुमच्या नाही, तिच्या," शेजारीण म्हणाली. तीही ओरडूनच म्हणाली, कारण तांबटाशी तसेच बोलावे लागे. "चोरले म्हणा की! मग गल्लीतल्या सगळ्याच बायका चोर. जा, एकेकीचं परस बघून या."

"तिने दिले?"

"दरवर्षी. होळी झाली की वाफा पार उपसायची. कंद सावलीत सुकवायची, एकेक सुटा करायची. निम्मे गल्लीत वाटायची, निम्मे चैत्रात परत लावायची. इतकी वर्षं तुमच्या नाकासमोर चाललं होतं, भाऊजी. तुम्ही फुलं तेवढी पाहिलीत."

"मी कामात असायचो."

"तीपण कामातच असायची."

तांबट हलकेच म्हणाला, "तिने लावलेले आहेत ते. उपसले तर काय उरलं?"

"एक कंद एकदाच फुलतो. तिने लावलेला त्याच वर्षी फुलून संपला. आता आत त्याची पिल्लं आहेत, एकमेकांच्या उरावर बसलेली. कशी फुलतील बिचारी?"

तांबटाला ते पटले नाही. शेजारणीशी त्याने सहा महिने अबोला धरला. होळी झाली, पाने वाळली. तो खुरपे घेऊन वाफ्यापाशी गेला आणि परत फिरला. दुसऱ्या दिवशीही परत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने दगड बाजूला केले आणि माती उकरली.

खाली माती अशी नव्हतीच. कंदाला कंद चिकटून त्यांचा एक कठीण गड्डा झाला होता. मधोमध एक तपकिरी, पोकळ टरफल होते. तांबटाने ते हातात घेतले, तर त्याला वजनच नव्हते. बोटांत धरताच त्याचा भुगा झाला. त्या दिवशी त्याच्या घरातून हातोडीचा आवाज आला नाही.

मग त्याने कंद सावलीत पसरले, सुकवले आणि एकेक सुटा केला. त्यातले मोठे निवडून टोपलीत भरले आणि दोन दिवस चालत तो मुलीच्या गावी पोहोचला.

"आबा, किती वाळलात!" मुलगी दारातच म्हणाली. मग तिचे लक्ष टोपलीकडे गेले. "सगळे उपसून आणलेत?"

"निम्मे. पण लावायचे कसे ते तूच सांग, पोरी. मला त्यातलं काही येत नाही."

मुलीने डोळे पुसले आणि कुदळ आणली. "आई दोन कंदांत वीतभर जागा सोडायची," ती म्हणाली. "या, बसा इथे."

त्या भाद्रपदात तांबटाच्या वाफ्यात तीनच दांडे आले, कारण लहान कंद पहिल्या वर्षी फुलत नाहीत. मुलीचे अंगण मात्र भरून गेले. गौरी झाल्यावर तिने वडिलांना बोलावून घेतले आणि तो महिनाभर तिच्याकडे राहिला. पुढच्या होळीनंतर त्याने वाफा स्वतः उपसला आणि कंद घ्यायला सगळ्यात आधी शेजारणीला हाक मारली.

तात्पर्य : गेलेल्या माणसाची वस्तू जागच्या जागी राखून ते माणूस आपल्यापाशी राहत नाही, त्याने चालवलेले काम आपण पुढे चालवले, तर राहते.