डोंगरातली हिरवी माती

पूर्वी कुंभवती नगरीत अजितबल राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व रंग घोटणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. डोंगरात कोरलेल्या विहाराच्या भिंतीवर राजाला हिरवेगार रान चितारून हवे होते. त्यासाठी हिरवी माती कुटायची, धुवायची, निवळून घ्यायची, घोटायची, हे काम सोमिल सात वर्षे करीत होता. हाडे कुरकुरू लागली होती. रान पूर्ण झाले की घरी जा, असे राजा म्हणाला होता. त्या एका शब्दावर म्हातारा तग धरून होता.

अर्धी भिंत उरली आणि माती संपली. तेवढ्यात पाथरवटांना मागच्या दालनात, छताच्या जरा खाली, हातभर जाडीचा हिरवा थर सापडला. मुख्य चित्रकार शरभ नाचायचाच बाकी राहिला. सोमिललाही हायसे वाटले. मग त्याने गोट्याने छत ठोकून पाहिले. आवाज पोकळ आला. वरचा खडक सुटा होता आणि त्या मऊ थरावरच टेकला होता.

"थर काढला तर छत खाली येईल," तो म्हणाला. "आत वीस पाथरवट आहेत."

"गप्प बसलात तर पुढच्या पौर्णिमेला घरी असाल, बाबा," शरभ म्हणाला.

ते खरे होते, म्हणूनच सोमिलला फार लागले. तरी तो उठून राजाकडे गेला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

राजा वाईट नव्हता, उतावळा होता. "मग माती आणणार कोण?"

"पलीकडच्या डोंगरांत चिमूटचिमूट मिळते. मी आणीन. तीन वर्षं लागतील, महाराज." बोलताना त्याला रडू आले.

तीन वर्षे तो माती वाहत राहिला. रान पूर्ण झाले त्या सकाळी सगळे भिंतीकडे पाहत होते आणि सोमिल खांबाला टेकून झोपला होता. पाथरवटांनी त्याला अलगद खाटेवर ठेवले, खाट उचलली आणि त्याच्या गावाची वाट धरली.

वाटेत त्याला जाग आली. "अरे, मला चालता येतं."

"ठाऊक आहे, बाबा. पडून राहा."

एवढी पूर्वजन्माची गोष्ट सांगून शास्ता समोर बसलेल्या आपल्या शिष्य भिक्षूंना म्हणाले, "शरभ म्हणजे आज तुमच्यातला उतावळा वसुमित्र. राजा म्हणजे आपण आज बसलो आहोत तो विहार देणारा गृहपती. ते वीस पाथरवट तुम्हीच, आणि सोमिल मी होतो. घरी जाणे सोडवत नव्हते, तरी वीस जिवांसाठी सोडले. याला करुणा म्हणतात."