पाठमोरा केरोजी

फार मागची गोष्ट. कोंडशेताला तेव्हा गाडीरस्ता नव्हता, आणि घाटावर जायचं तर पायांनीच जावं लागे. त्या काळी कोंडशेतात केरोजी नावाचा नाचाचा वस्ताद होता. तो नाचायला लागला की देवळासमोरची धूळसुद्धा तालावर उडायची, असं म्हणतात.

गणपतीत कोंडशेताचा जाखडीचा फेर आजूबाजूच्या बारा वाड्यांत नावाजलेला. श्रावणात भाताची लावणी उरकली की केरोजी देवळाच्या मंडपात पोरांना नाच शिकवायचा. पोरं गोल उभी राहायची आणि तो मधोमध. उजवा पाय, डावा पाय असं बोलून सांगायची रीत तेव्हा नव्हती. "बग आणि कर," एवढंच तो म्हणायचा. त्याची आणखी एक रीत होती. जो सगळ्यांत कच्चा, त्याला तो आपल्या तोंडासमोर उभा करायचा. चुकला की लगेच दिसावा म्हणून.

एका वर्षी ती जागा लखूच्या वाट्याला आली.

लखू बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. अंगानं दणकट, मनानं गरीब. भीतीनं त्याची नजर वस्तादाच्या पायांवरून हलायची नाही. आणि तरी दर फेऱ्याला त्याचा पाय उलटा पडायचा. सगळे एकीकडे वळायचे, हा दुसरीकडे वळून शेजाऱ्यावर आदळायचा. केरोजी चिडायचा. पायावर छडी मारायचा.

पुढच्या श्रावणात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. तिसऱ्या वर्षी मंडपाच्या कट्ट्यावर बायका बसल्या होत्या, त्यांत लखूची बायकोही होती. लखू पुन्हा चुकला. केरोजी थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"काय रे, जल्माला येताना पाय उलटे लावून आलास काय? जा. घरी जा नि बायकोला इचार, सरळ चालता तरी येतंय का तुला."

सगळे हसले. लखू हसला नाही. तो मंडपाबाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला आणि तान्ह्या लेकीला घेऊन घाट चढून सासुरवाडीला निघून गेला. केरोजीला काही वाटलं नाही. बरं झालं, फेर सुधारेल, असंच त्याला वाटलं.

आता लखूची जागा रिकामी झाली. गणपती तोंडावर आलेले, म्हणून केरोजीनं पाठीमागच्या जानूला तिथं उभा केला. जानू म्हणजे फेरातला सगळ्यांत तयार गडी. आणि वस्तादाच्या पायांकडे बघताना जानूचाही पाय उलटा पडला.

केरोजीनं दुसरा उभा केला. तोही चुकला. तिसरा चुकला. पोरं घाबरली. एक म्हातारा कट्ट्यावरून म्हणाला, "जाग्यालाच कायतरी हाय. राखणदाराला नारळ देवया." नारळ दिला. तरी पाय उलटाच.

मग केरोजी स्वतः जाऊन त्या जागेवर उभा राहिला. जानूला मधे बोलावलं आणि म्हणाला, "माज्याकडं तोंड कर नि नाच. मी तुजं बगून करतो." जानू नाचला. केरोजीनं त्याच्या पायांवर नजर ठेवली, जसा पाय दिसला तसा पाय उचलला, आणि वळताना शेजाऱ्यावर आदळला.

मंडपात कोणी हसलं नाही. केरोजी तिथंच खाली बसला. समोर तोंड करून उभ्या माणसाचा उजवा पाय बघणाऱ्याच्या डाव्या अंगाला येतो, ही एवढी साधी गोष्ट. पाठीमागच्यांना त्याची पाठ दिसायची, म्हणून ते बरोबर शिकायचे. लखू तर जसं दिसत होतं, अगदी तसंच करत होता. सगळ्या फेरात त्याच्याइतकं नीट कोणीच बघत नव्हतं. केरोजीनं हातातल्या छडीकडे बघितलं आणि त्याला मान वर करवेना. त्या दिवसापासून त्याची मान कधी पुरी वर झाली नाही, असं म्हणतात.

त्या वर्षी कोंडशेताचा फेर झाला नाही. गणपती उठले, आणि केरोजी एकटाच घाट चढून गेला.

लखू सासऱ्याच्या अंगणात लेकीला चालायला शिकवत होता. वस्तादाला बघून त्यानं पोरीला उचलून घेतलं.

"लखू, पाय माजा उलटा होता," केरोजी म्हणाला. "तुजा नव्हता." आणि त्यानं सगळं सांगितलं.

लखूनं पोरीला खाली उभं केलं. मग म्हणाला, "वस्ताद, ही पोर उभी राह्यला लागली तवा मी हिच्या पायांकडं बगत बसायचो. माज्यावानी उलटे नायत ना म्हणून."

केरोजी अंगणात वळला, लखूकडे पाठ केली आणि हळूहळू पाय टाकायला लागला.

"मागं बगू नका," लखू म्हणाला.

"नाय बगत."

ऊन कलेपर्यंत केरोजी एकटाच नाचत होता. मग मागं एक पाऊल वाजलं. मग दुसरं. थोड्या वेळानं दोघांची पावलं एकच वाजायला लागली, आणि केरोजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायलाही तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी लखू लेकीला खांद्यावर घेऊन बायकोसह घाट उतरला. केरोजी पुढं, लखू मागं. गाव येईपर्यंत वस्तादानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही, असं म्हणतात.

पुढं केरोजी मरेपर्यंत पाठमोरा शिकवत राहिला. फेराबरोबर स्वतःही फिरायचा, म्हणजे सगळ्यांना आळीपाळीनं त्याची पाठ मिळावी. त्याच्या पाठीला डोळे फुटले होते म्हणतात. वीस पावलांत एक चुकलं तरी त्याला कळायचं. पण तो वळायचा नाही, नावही घ्यायचा नाही. थांबून म्हणायचा, "मी इसरलो रे. परत घेवया." आणि तेच पाऊल हळू करून दाखवायचा. नवी पोरं म्हणायची, म्हाताऱ्याला फार विसर पडतो. लखू ऐकायचा आणि गप्प राहायचा.

कोंडशेतात अजून श्रावणात नाच शिकवतात. पहिल्या दिवशी जो शिकवणारा असेल तो फेरात जाऊन उभा राहतो, आणि सगळ्यांत कच्च्या पोराला मधे बोलावून तोंड समोर करून नाचायला लावतो. त्याचं बघून शिकवणारा पाय टाकतो, चुकतो, शेजाऱ्यावर आदळतो. सगळं गाव पोटभर हसतं. हसणं थांबेपर्यंत तो मान खाली घालून उभा राहतो. मग मधे येतो, त्या कच्च्या पोराला आपल्या पाठीमागं उभा करतो, आणि शिकवायला लागतो.