आवडाआत्याची घरची गाठ

फार वर्षांपूर्वी, उंबरडोह गावाला पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा नदीवर एक नाव होती आणि नावेवर आवडाआत्या होती. तिचं वल्हं पाण्यात पडलं की भोवरे बाजूला सरून वाट देत, असं म्हणतात. खरं-खोटं नदीला ठाऊक.

आत्याचा एक नेम होता. पलीकडच्या बाजाराहून सगळे परतले की मगच ती नावेच्या दोराला दुसरी गाठ मारायची. तिला घरची गाठ म्हणत. एक जरी माणूस पलीकडे असलं, तरी ती गाठ पडत नसे आणि आत्याची चूल पेटत नसे.

तिच्यानंतर नाव चालवायची होती ती तिच्या भाचीने, राहीने. आई-बाप नसलेली ही पोर पाण्याला भ्यायची नाही, आकड्यांना मात्र भ्यायची. माणसं मोजताना चारानंतर सात यायचे, सातानंतर पुन्हा चार. आत्याने लाडाने शिकवलं, रागावून शिकवलं, एकदा तर उपाशी ठेवलं आणि मग स्वतःच रडत बसली.

एका संध्याकाळी राही म्हणाली, "सगळे आले," आणि आत्याने घरची गाठ मारली. म्हातारी सोनाई कुंभारीण पलीकडच्या काठावर रात्रभर कुडकुडत बसून राहिली. सकाळी पाटील म्हणाले, "आवडे, ही पोर नावंवर नको. उद्या कुनाचा तरी जीव जाईल." तेव्हापासून राही नदीकडे पाठ करून बसू लागली. आत्याला ते बघवेना.

गावात एक फिरता वैदू आला होता. त्याने राहीला जवळ बसवून बराच वेळ तिच्याशी गप्पा मारल्या. मग आत्याला म्हणाला, "पोर येडी न्हाय, बाई. आकडं तिच्या हातातनं पान्यावानी निसटत्यात. ह्याला औषदाची मुळी न्हाय माझ्याकडं. सोबत करावी लागंल."

आत्याने राहीला विचारलं, "त्या दिशी बाजाराला कोन कोन गेलं हुतं?" राहीने प्रत्येकाचं लुगडं, पटका, डोईवरचं ओझं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. सोनाईसुद्धा त्यात होती.

पुढच्या बाजाराला आत्या काठावरच्या उंबराखाली उभी राहिली. "नावंत चढायच्या आधी ज्यानं त्यानं आपली खूण फांदीला बांधायची. परतल्यावर ज्याची त्यानं सोडायची."

पाटील कुरकुरले, "त्या पोरीपायी आमी चिंध्या बांधायच्या व्हय?"

"तिनं एकटीनं बांधल्या तर ती येडी ठरंल," आत्या म्हणाली. "समद्यांनी बांधल्या तर ती गावाची रीत ठरंल."

पाटलांनी पटक्याचा धागा काढून फांदीला बांधला.

राही त्या खुणा हाताळू लागली, एका फांदीवर पाचच, एका हाताच्या बोटांइतक्या. हळूहळू काही आकडे तिच्याशी बोलू लागले. काही शेवटपर्यंत फटकूनच राहिले, पण त्यावरून आत्या पुन्हा कधी रागावली नाही.

मग पुराचं वर्ष आलं. दिवस मावळायच्या आत बाजारकरी आणायला आत्या गावातले दांडगे गडी घेऊन पलीकडे गेली. मागे कुणी राहिलं का बघायला ती तिथे उतरली आणि घाबरलेल्या गड्यांनी तिच्याविना नाव हाकली. अलीकडे पाटलांनी माणसं मोजली. बाजारकरी पुरे भरले. नावाडणीला मोजणीत धरायची कुणाला सवयच नव्हती.

राहीने फांदीकडे पाहिलं. तिथे आत्याच्या लुगड्याचा निळा धागा हलत होता. ती तशीच नावेत चढली.

पुराने तिच्यापुरता श्वास रोखला, असं म्हणतात. पलीकडे आत्या दगडावर बसली होती, पाणी गुडघ्यांशी आलेलं. "येशील ते ठावं हुतं," एवढंच ती म्हणाली. परतल्यावर तिने आपला धागा सोडला आणि त्या दिवशी घरची गाठ राहीने मारली.

पुढे पुष्कळ वर्षांनी आत्या वारली. त्या सकाळी उंबरावर निळा धागा दिसला. कुणी बांधला ते कुणालाच कळलं नाही. राहीने तो सोडू दिला नाही.

आता तिथे पूल आहे. तरी एखादं पोर आकड्यांपाशी अडलं की गुरुजी सगळा वर्ग उंबराखाली नेतात. सगळीच मुलं खुणा बांधतात, सगळीच मोजतात, आणि अडलेलं कोण ते बाहेरच्याला ओळखू येत नाही. जुनी नावही काठाला आहे. तिच्या दोराला एकच गाठ असते. घरची गाठ गाव मारत नाही, कारण आत्या अजून पलीकडे आहे.