सोंगाला नाव नसतं

कोण्या एके काळी, जेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कोणाला सांगता येणार नाही, डोंगरउतारावरच्या एका गावात ठकूबाईच्या कानावर एक बातमी पडली. बातमी अर्धीच होती.

ती झऱ्यावर धुणं धूत होती. करवंदीच्या जाळीपलीकडे दोघी बायका बोलत होत्या.

"यंदा सोंगं निघणार म्हणे."

"काय सांगतेस! बारा वर्षांनी?"

"हो तर. आणि ऐक ना, ठकूबाईच्या दारात म्हणे धोंडाई..."

एवढ्यात त्यांची म्हैस उधळली, दोघी तिच्यामागे धावल्या, आणि बातमी म्हशीबरोबर गेली.

ठकूबाई हातात पिळा धरून तशीच उभी राहिली. गावातली कुठलीही गोष्ट अर्धी ऐकली की तिला जेवण जात नसे. आणि ही तर तिच्या स्वतःच्या दारातली.

धोंडाई म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघींच्या अंगणांत एक कुडाचं कुंपण तेवढं आडवं. ठकूच्या लेकीच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान थोरलीचा होता. गडबडीत ठकू तिला हाक मारायची विसरली, आणि मग विसरले म्हणायचीही लाजली. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. ठकू गावभर हिंडून बातम्या गोळा करी, पण घरी आल्यावर त्या सांगायच्या कोणाला? तिचं सगळ्यात मन लावून ऐकणारी एकच होती, आणि ती कुंपणापलीकडे होती.

आता त्या गावची रीत सांगायला हवी. खळी उरकली की तिथे तीन दिवस सोंगं निघत. पांगाऱ्याच्या लाकडाचे मुखवटे असत, वाघाचे, राक्षसाचे, अस्वलाचे, देवीचे. बाई असो की गडी, मुखवटा चढवायचा, वरून घोंगडी पांघरायची, पायांखेरीज काही दिसू द्यायचं नाही. दुपारी सोंग एखाद्याच्या दारात जाऊन उभं राही. घरच्यांनी पाणी द्यायचं, गुळाचा खडा द्यायचा. सोंगानं बोलायचं नाही आणि कोणी त्याला नाव विचारायचं नाही.

ज्याचं ज्याच्याशी वाकडं, तो त्याच्या दारात जाई. पाणी मिळालं की भांडण मिटलं. कोण आधी वाकलं, हा प्रश्नच उरत नसे.

मग एका वर्षी गोमा नावाचा माणूस वाघाचं सोंग घेऊन थोरल्या भावाच्या दारात गेला. भाऊ पाणी आणायला आत वळला होता. तेवढ्यात गल्लीतून ठकूबाई ओरडली, "अगं बाई, हा तर गोमा! टाच बघा की, कशी उचलून टाकतोय!"

लोक हसले. गोमानं मुखवटा काढून अंगणात फेकला आणि तो निघून गेला. पुढच्या वर्षी मुखवट्याला कोणी हात लावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

भांडणं मात्र व्हायची थांबली नाहीत. ती साचत गेली. होता होता गावात असं झालं की कोणतीही दोन घरं मिळून एक काम करीनात. झऱ्याचं पाणी शेतात नेणारा पाट फुटला, तो तीन वर्षं फुटकाच राहिला. तेव्हा कुठे पंचांना सोंगांची आठवण झाली.

ठकूबाई धुणं तसंच टाकून सुतारबाबाकडे गेली. सगळे मुखवटे त्यानंच कोरलेले. म्हातारा अंगणात बसून त्यांना तेल चोळत होता.

"बाबा, सोंगं निघणार म्हणे?"

"निघतील. तू लेकीकडे गेलीस तर."

"मी? माझा काय संबंध?"

"पंचांनी ठरवलंय. तीन दिवस ठकूला लेकीच्या गावी धाडायचं. तू दारात उभी असलीस तर कोणी घोंगडी पांघरायचं नाही."

"म्हणजे माझ्यामुळं बंद पडलं होय! लोकांना हौस उरली नाही, त्याला मी काय करू?"

बाबानं वर पाहिलं नाही. "बारा वर्षं हे आढ्याला टांगलेत. चुलीच्या धुरानं यांना वाळवी लागू दिली नाही. पण तुझ्या जिभेला कुठला धूर दाखवायचा, ठकू?"

ठकूबाई फणकाऱ्यानं उठली. फाटकापर्यंत गेली आणि परत आली. हळूच म्हणाली, "मी गेले, तर माझ्या दारात पाणी कोण देईल?"

"कोणी येणार आहे का?"

"कानावर आलंय."

"पुरतं?"

"अर्धं."

म्हाताऱ्यानं तेलाचं बोळकं खाली ठेवलं. "राहा मग. पंचांना मी सांगतो. पाय ओळखू नकोस असं म्हणत नाही. डोळे आहेत, दिसणारच. ओळख आणि गीळ. पण एकदा जरी नाव निघालं, तर हे सगळे मी चुलीत घालीन. आता नवे कोरायला हात धड नाहीत माझे."

पहिल्या दिवशी एकच सोंग निघालं. वाघाचं. ते गल्लीतून सावकाश चाललं होतं आणि टाच उचलून टाकत होतं. दारादारांतले लोक वाघाकडे बघत नव्हते. सगळे ठकूबाईकडे बघत होते.

ठकूबाईच्या घशाशी नाव आलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं, पण बोळा काढला नाही. वाघ थोरल्या भावाच्या दारात थांबला. म्हातारा भाऊ तांब्या घेऊन बाहेर आला. घाईत निम्मं पाणी तिथेच सांडलं. उरलेलं वाघ प्यायला.

दुसऱ्या दिवशी अकरा सोंगं निघाली.

तिसऱ्या दिवशी ठकूबाईनं सकाळीच अंगण सारवलं. तांब्या घासून भरून ठेवला, गूळ ताटलीत काढला आणि उंबऱ्यावर बसली. सोंगं येत होती, शेजारच्या दारांत थांबत होती, पुढे जात होती. तिच्या दारात कोणी थांबेना. ऊन कलायला लागलं. कुंपणापलीकडे धोंडाई निवांत शेंगा सोलत बसलेली दिसत होती. सोंग घ्यायचं तिच्या मनातही नव्हतं.

"अशी कशी येत नाही ही?" ठकू पुटपुटली. "मान तिचा चुकला, मग रुसवा सोडायला तिनंच यायला नको का?"

एवढं तोंडातून निघालं आणि तिनं जीभ चावली. मान कोणी चुकवला होता, हे गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मग ती उठली आणि सुतारबाबाच्या घरी गेली.

"एखादं शिल्लक आहे का हो?"

"अस्वल आहे. एक कान तुटलाय त्याचा."

"असू द्या. मला कान दोन आहेत तेच जास्त झालेत."

मुखवट्याच्या आत तेलाचा आणि धुराचा वास होता. डोळ्यांच्या भोकांतून फक्त समोरचं दिसे. डावी-उजवीकडे कोण काय करतंय, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत नव्हतं. ती चालू लागली. गावभर हिंडून झिजलेले ते पाय त्या गल्लीत कोण ओळखणार नाही? पोरंसोरंसुद्धा ओळखत होती. गोमाही दारातच उभा होता. एका शब्दानं त्याला बारा वर्षांचं उट्टं काढता आलं असतं. त्यानं मान वळवली आणि तो बैलाला चारा टाकू लागला. अख्ख्या गल्लीत कोणी शब्द काढला नाही.

अस्वल धोंडाईच्या दारात उभं राहिलं.

धोंडाईनं पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारून ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. सोबत गूळही होता.

"सगळं प्या," ती म्हणाली. "लांबून आलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी हाक आली. सात वर्षांनी आली. "काय गं ठकू, तीन दिवस कोण कोण कुणाच्या दारात गेलं? सांग तरी."

ठकूबाईला सगळ्यांचे पाय ठाऊक होते. ती म्हणाली, "नाही बाई लक्षात, जाऊबाई. पाणी भरायच्या गडबडीत बघायचंच राहिलं. पण वरच्या आळीतली म्हैस व्यायली, ते कळलं का तुम्हाला?"

"नाही! कधी? बस बस, नीट सांग."

त्या महिन्यात गावानं मिळून पाट दुरुस्त केला, आणि पुढे दरसाल सोंगं निघत राहिली. झऱ्यावरची बातमी तेवढी निम्मीच खरी ठरली. सोंगं निघाली, पण धोंडाई काही ठकूबाईच्या दारात आली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याची लाज झाकायला जो शिकतो, त्यालाच आपली लाज ओलांडता येते.